बंदुका लाखो, डुकरेही लाखो

रानडुकरांनी उभे पीक लोळवले की महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची पहिली मागणी ठरलेली असते : आम्हाला मारण्याची परवानगी द्या. वन खात्याचा दाखला, पंचनामा, अर्ज, नुकसानभरपाईची प्रतीक्षा या चक्रात अडकलेल्या माणसाने असे म्हणावे, यात नवल नाही. पण ही परवानगी कोणत्याही अटीविना, सर्वांना आणि कायमची देऊन टाकली, तर पुढे काय होते? हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्याने तो प्रत्यक्षात करून पाहिला आहे आणि त्याचे उत्तर उत्साह वाढवणारे नाही.

टेक्सासमध्ये रानटी डुकराला मारायला हंगामाचे बंधन नाही, संख्येची मर्यादा नाही. दिवसा मारा, रात्री मारा, कुत्री सोडून धरा, फास लावा, पिंजऱ्यात पकडा. जमीनमालकाची संमती असेल तर २०१९ पासून त्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. २०११ मध्ये तत्कालीन गव्हर्नर रिक पेरी यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यानुसार पैसे भरून हेलिकॉप्टरमध्ये बसावे आणि वरून डुकरे टिपावीत, अशीही सोय झाली. २०१७ मध्ये त्यात उष्ण हवेच्या फुग्याची भर पडली. फुग्यातून शिकार करण्याला कायदेशीर मान्यता देणारे राज्य जगाच्या पाठीवर दुसरे शोधावे लागेल. बंदुकांचा तर तेथे तुटवडा कधीच नव्हता.

एवढे सगळे असूनही टेक्सासमधील रानटी डुकरांची संख्या २६ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मांडलेले गणित याहून बोलके आहे. ही संख्या आहे तेथेच रोखून धरायची, तरी दरवर्षी एकूण डुकरांपैकी सुमारे ६६ टक्के मारावी लागतात. सगळे शिकारी, सगळे सापळे आणि सगळी हेलिकॉप्टरे मिळून प्रत्यक्षात जी मारली गेली, त्यांचे प्रमाण या अभ्यासकांच्या अहवालात वर्षाला सरासरी २९ टक्के निघाले. साहजिकच उरलेली डुकरे दरवर्षी १८ ते २१ टक्क्यांनी वाढत राहिली. मादी सहा-आठ महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, ११५ दिवसांत विते, एका वेतात पाच-सहा पिल्ले देते आणि दोन वर्षांत तिची तीन वेतेही होतात. अशा प्राण्याशी केवळ नेमबाजीच्या जोरावर शर्यत लावणे, हा मुळातच तोट्याचा व्यवहार आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अमेरिकेतले हे डुक्कर म्हणजे आपल्याकडचे रानडुक्कर नव्हे. अमेरिका खंडात मूळचे रानडुक्कर नव्हतेच. १५३९ मध्ये हर्नांडो दे सोतो या स्पॅनिश सरदाराची मोहीम फ्लोरिडात उतरली, तेव्हा तिच्याबरोबर चालता-बोलता शिधा म्हणून पाळीव डुकरे होती. पुढे वसाहतवाल्यांनीही डुकरे रानात मोकळी सोडण्याचा प्रघात ठेवला. पूर्व टेक्सासच्या घनदाट अरण्यपट्ट्यात तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत चालू होती : डुकराच्या कानाला मालकाच्या खुणेची चीर द्यायची, त्याला ओकची फळे खायला रानात सोडायचे आणि हिवाळ्यात हवी तेवढी धरून आणायची. जी परत आली नाहीत, ती रानटी झाली. त्यात विसाव्या शतकात श्रीमंत शिकार-शौकिनांनी मुद्दाम आणून सोडलेल्या युरोपीय रानडुकरांचे रक्त मिसळले. आज अमेरिकेत ज्याला उपद्रव म्हणतात, तो हा संकर. त्याला खाणारा वाघ तेथे नाही आणि त्याची पिल्ले उचलणारे लांडगे टेक्सासमधून केव्हाच नाहीसे झाले.

आता पेच नेमका कुठे आहे ते पाहू. टेक्सासची ९५ टक्क्यांहून अधिक जमीन खासगी मालकीची आहे. आपल्याकडे जंगल म्हटले की वन खाते डोळ्यांसमोर येते. तेथे जंगल म्हटले की कोणाचे तरी कुंपण डोळ्यांसमोर येते. राज्याच्या पूर्वेला पाइन आणि ओकचे दाट रान, खाली नुसत्या झुडपांची भिंत, मधून ट्रिनिटी, नेचेस, सबाइन या नद्यांचे पाणथळ काठ, आणि हा सारा मुलूख शेकडो मालकांत वाटलेला. हेलिकॉप्टरची जी चित्रफीत जगभर पाहिली जाते, ती बहुधा मोकळ्या माळावरची किंवा शेतांवरची असते. पूर्वेच्या या रानात वरून फक्त झाडांचे शेंडे दिसतात. उष्णतेवरून प्राणी टिपणारे कॅमेरेही दाट पानोळ्यापुढे हात टेकतात. आणि डुकरांना हे पक्के ठाऊक असते. दिवसभर ती ओढ्याकाठच्या जाळीत चिखलात लोळत पडतात आणि रात्री बाहेर पडून शेजारच्या कुरणाची, भाताची किंवा मक्याची धूळधाण करतात. नाकाडाने जमीन अशी उलथतात की सकाळी तेथे नांगर फिरल्यासारखे वाटावे.

म्हणजे डुक्कर राहते एकाच्या रानात आणि खाते दुसऱ्याच्या शेतात. कळपाचा वावर एका मालकाच्या हद्दीत क्वचितच मावतो. ज्याच्या रानात ते दिवस काढते, त्याचे फारसे नुकसान होत नाही. ज्याचे नुकसान होते, त्याला दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकायचा अधिकार नाही. टेक्सासमध्ये खासगी मालमत्तेचा हक्क हा राजकारणाचा नव्हे, जवळजवळ श्रद्धेचा विषय आहे. ‘तुझ्या रानातली डुकरे पकड’ असे शेजाऱ्याला सांगणारा कायदा करण्याची कोणाची छाती नाही. पुन्हा पूर्वेकडील पुष्कळसे रान लाकूड कंपन्यांच्या हातून गुंतवणूक निधींच्या हाती गेले आहे. मालक दूरच्या शहरातल्या कार्यालयात आणि रान शिकार-मंडळांना वार्षिक भाड्याने दिलेले. अशा वेळी शेतकऱ्याने दार ठोठवायचे ते कोणाचे?

इथेच घोडे पेंड खाते. कारण भाडे भरणाऱ्या त्या मंडळांना डुकरे नकोशी आहेतच असे नाही.

टेक्सासमध्ये हरणांच्या शिकारीसाठी जमीन भाड्याने देणे हे जुने आणि भरवशाचे उत्पन्न आहे. अनेक रँचना गुरांपेक्षा त्यातून अधिक पैसा मिळतो. हरणे टप्प्यात यावीत म्हणून शिकारी रानात यंत्रे बसवतात आणि त्यांतून ठरल्या वेळी मका जमिनीवर विखुरला जातो. तो मका डुकरेही आनंदाने खातात. एकीकडे डुकरे हटवण्यासाठी सरकारी पैसा खर्च होतो आणि दुसरीकडे त्याच डुकरांना हिवाळाभर फुकटचा खुराक मिळतो. पुढे तर डुकरांची शिकार हाच स्वतंत्र धंदा झाला. रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी, खास बंदुका, मार्गदर्शक, मुक्काम, हेलिकॉप्टरची फेरी यांसाठी लोक हजारो डॉलर मोजू लागले. ज्या प्राण्याला पाहायला आणि मारायला लोक पैसे देतात, तो प्राणी संपावा असे त्या धंद्यात कोणाला मनापासून वाटेल? कायद्याची गंमत अशी की पकडलेली मादी जिवंत न्यायची झाल्यास ती मान्यताप्राप्त कोंडवाड्यात किंवा कत्तलखान्यातच न्यावी लागते. नराला मात्र अधिकृत शिकार-उद्यानात सोडण्याची मुभा आहे. उपद्रव आणि माल या दोन्ही नावांनी एकच प्राणी सरकारी नियमांत नांदतो आहे.

शिकारीबाबतचा दुसरा आक्षेप धंद्याचा नाही, प्राण्याच्या स्वभावाचा आहे. माद्या आणि त्यांची पिल्ले नात्याच्या कळपाने राहतात, प्रौढ नर एकटा फिरतो. कळपावर गोळी झाडली की दोन-तीन पडतात आणि उरलेली वीस पांगतात. ती केवळ पांगत नाहीत, तर शिकतात. माणसाचा वास, गाडीचा आवाज, दिव्याचा झोत यांचा अर्थ त्यांना एकदा कळला की तो कळप त्या जागी महिनोन्‌महिने रात्रीशिवाय दिसत नाही, नाहीतर तो शेजारच्या रानात बिऱ्हाड हलवतो. बंदूकवाल्याला आपण तीन मारली याचे समाधान, शेजाऱ्याला सतरा नवे पाहुणे.

हे टेक्सासपुरते नाही. टेनेसी राज्याने १९९९ मध्ये संख्या आटोक्यात आणण्याच्या हेतूने राज्यभर डुकरांची मुक्त शिकार सुरू केली. झाले उलटेच. तोवर राज्याच्या मोजक्या भागांत असलेली डुकरे जेथे कधी नव्हती तेथे दिसू लागली. ती तेथे चालत गेली नव्हती. आपल्या गावाजवळ शिकारीची सोय व्हावी म्हणून लोकांनी ट्रेलरमधून नेऊन ती चोरून सोडली होती. २०११ मध्ये राज्याला धोरण फिरवावे लागले. डुकराला शिकारीच्या प्राण्यांतून वगळण्यात आले आणि नियंत्रणाचे काम जमीनमालक व सरकारी कर्मचारी यांच्याकडे देण्यात आले. कॅन्ससने त्याआधीच, २००६ मध्ये, हौशी शिकारीवर बंदी घातली होती. न्यूयॉर्क राज्याने २०१४ मध्ये तेच केले, कळपच्या कळप पकडले आणि २०१६ मध्ये रानटी डुकरे संपल्याचे जाहीर केले. न्यूयॉर्कमध्ये डुकरे मुळात थोडी होती, हे खरे. पण मिसुरीत ती थोडी नव्हती. ओझार्कच्या डोंगराळ, दाट रानांत ती पसरली होती. तेथील वन्यजीव खात्याने २०१६ मध्ये आपल्या ताब्यातील जमिनींवर डुकरांची शिकार बंद केली, तेव्हा शिकाऱ्यांनी, विशेषतः कुत्र्यांनिशी शिकार करणाऱ्यांनी मोठा गहजब केला. डुकरे हवीत म्हणून सरकार शिकार बंद करते, असाही आरोप झाला. मिसुरीने मात्र आपला हेका सोडला नाही आणि त्यानंतर तेथील डुकरांचा पसारा बराच आकसला.

मग या राज्यांनी केले काय? त्यांनी भर दिला तो पिंजऱ्यावर. मात्र नेहमीच्या पिंजऱ्यावर नव्हे. पेटीसारखा लहान पिंजरा लावला की त्यात दोन-चार पिल्ले सापडतात आणि बाहेर उभी असलेली त्यांची आई आयुष्यभराचा धडा घेते. नवी रीत अशी : आधी जागा हेरायची. ओढ्याकाठची पायवाट, अंग घासून चिखलाने माखलेले झाडाचे बुंधे, कुंपणाखालून काढलेली वाट यांवरून ती कळते. तेथे मका टाकून कॅमेरा लावायचा आणि कळपात नेमकी किती डोकी आहेत ती मोजायची. हरणांनी तो खाऊ नये म्हणून मका पाण्यात भिजवून, आंबवून टाकतात. त्या आंबट वासाचे डुकरांना वावडे नाही. मग पंधरवडा-तीन आठवडे रोज आमिष आणि हळूहळू त्याभोवती जाळीचे मोठे गोल कुंपण. दार उघडेच. कळपातले शेवटचे संशयी डुक्कर आत येऊ लागेपर्यंत काहीही करायचे नाही, आणि गोळी तर अजिबात झाडायची नाही. ज्या रात्री मोबाइलच्या पडद्यावर सगळी डोकी आत दिसतील, त्या रात्री घरबसल्या कळ दाबून दार पाडायचे. ओक्लाहोमातील एका कृषी संशोधन संस्थेने तर आख्खे कुंपणच वरून खाली पडेल असा पिंजरा विकसित केला. अलीकडे जाळ्याचे सापळेही आले आहेत. त्यांत डुकरे खालून नाकाड घालून आत शिरतात, पण बाहेर पडू शकत नाहीत. दाट रानात, जेथे अवजड लोखंड नेता येत नाही, तेथे त्यांचा उपयोग होतो.

ही रीत परिणामकारक आहे, पण तिला संयम लागतो आणि शेजारी लागतो. पंधरा दिवस आमिष घालून जमवलेला कळप सोळाव्या दिवशी शेजारच्या हद्दीतील एका हौशी गोळीने उधळतो. शिवाय दाट रानातल्या सापळ्याला निसर्गाचीही अडचण आहे. शरद ऋतूत ओकची फळे गळू लागली की जमिनीवर मेजवानी पसरते आणि मग आंबवलेल्या मक्याकडे डुकरे ढुंकूनही पाहत नाहीत.

सापळ्याने दम काढला की मन विषाकडे वळते. टेक्सासचे कृषी आयुक्त सिड मिलर यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये वॉरफॅरिनयुक्त आमिषाला वाट मोकळी करून दिली. रक्त पातळ करण्यासाठी हृदयविकाराच्या रुग्णांना दिले जाते तेच हे औषध. त्यावर सर्वप्रथम तुटून पडले ते शिकारी आणि डुकराच्या मांसाचे व्यापारी. पर्यावरणवादीही त्यांच्या बाजूला उभे राहिले. प्रकरण न्यायालयात गेले आणि काही आठवड्यांतच कंपनीने माघार घेतली. त्यानंतर २०२४ मध्ये हेच आमिष परवानाधारकांपुरते पुन्हा टेक्सासमध्ये आले. डुकरालाच उचलता येईल अशा जड झाकणाच्या पेटीत ते ठेवावे लागते आणि ते खाल्लेल्या डुकराची चरबी निळी होते, म्हणजे मांस कापणाऱ्याला कळावे. पण आमिष खाताना सांडते, आणि सांडलेले कोण खाईल याची हमी कोण देणार? सोडियम नायट्राइटवर आधारलेल्या दुसऱ्या विषाच्या चाचणीत अशाच सांडलवंडीने पक्षी मेले होते.

या सगळ्यात नुकसान कोणाचे, हे विसरले जाते. देशभरातील नुकसान वर्षाला अडीच अब्ज डॉलरच्या आसपास असल्याचे अमेरिकी कृषी खाते सांगते, आणि किमान ३५ राज्यांत मिळून ६० लाखांहून अधिक डुकरे असल्याचेही. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील दूषित पालकाने दोनशेवर लोक आजारी पडले. तपासात तोच जिवाणू शेताजवळच्या रँचवरील गुरांत आणि रानटी डुकरांतही सापडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मुलांच्या अंगणात शिरणाऱ्या तीस-पन्नास डुकरांविषयी कोणीतरी ट्विटरवर प्रश्न विचारला आणि साऱ्या जगाने त्याची खिल्ली उडवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या चेंबर्स काउंटीत एका महिलेचा घराच्या अंगणात अशाच डुकरांच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यावर विनोद झाले नाहीत. संघराज्य सरकारने २०१४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, २०१८ च्या कृषी विधेयकात प्रायोगिक प्रकल्पांसाठी साडेसात कोटी डॉलर ठेवले आणि २०२५ मध्ये पुन्हा तरतूद केली. या प्रकल्पांत पैसा शेतकऱ्याच्या हाती न देता शेजारच्या मालकांना एकत्र आणून सापळे पुरवण्यावर भर दिला गेला, हे लक्षणीय.

महाराष्ट्राशी याची तुलना करताना सावध राहायला हवे. आपले रानडुक्कर येथलेच आहे, वाघ-बिबट्याचे भक्ष्य आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला संपवणे हे उद्दिष्ट होऊच शकत नाही. पण परिस्थितीत एक साम्य आहे आणि ते कोकणात ठळक दिसते. तेथेही रानाचा मोठा भाग खासगी आहे. वडिलोपार्जित, सामाईक सातबाऱ्यातला, मालक मुंबईत आणि जमीन ओस. कसणारे हात गेले, वरकस जमिनींवर झाडोरा माजला आणि त्यात डुकरांनी ठाण मांडले. खाली वाडीत जो एकटा भात लावतो किंवा नारळाची रोपे जगवतो, त्याने रात्रभर माळ्यावर बसून डबे वाजवायचे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत रानडुकराला ठरावीक मुदतीपुरते उपद्रवी ठरवले. केरळने २०२२ मध्ये परवानगीचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिला. महाराष्ट्रातही मारण्याची परवानगी सुलभ करण्याची मागणी वारंवार होते, आणि ज्याचे पीक गेले त्याच्या दृष्टीने ती अन्यायाची नाही. फक्त गोळी झाडायला बोलावलेला माणूस ज्या झाडोऱ्याच्या कडेला उभा राहील, तो झाडोरा कोणाचा आणि त्यात सापळा लावायला संमती कोण देणार, हा प्रश्न परवानगीच्या कागदावर नसतो. सामाईक मालकीत तर संमती देणारे पंचवीस जण चार शहरांत विखुरलेले असतात.

टेक्सासमध्ये हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीपर्यंत चालतो. या काळात भाडेकरू शिकाऱ्यांना रानात दुसऱ्या कोणाची ये-जा खपत नाही, म्हणून अनेक मालक सापळ्याचे काम थांबवतात. हंगाम संपतो, ओकची फळेही तोवर संपलेली असतात, डुकरे भुकेली असतात आणि सापळा लावण्याचे सर्वांत चांगले दोन महिने सुरू होतात. पुढे वसंतात कुरणे हिरवी होतात, शेतात मक्याची पेरणी होते आणि बी रुजण्याआधीच ओळीच्या ओळी उकरलेल्या सापडतात.